बारावीचं विज्ञान कॉलेजात किती कामाला येतं?

दहावीचा निकाल लागला की घरोघरी तेच प्रश्न सुरू होतात. सायन्स घ्यायचं ना? मग क्लास कुठला? इंटिग्रेटेड की साधं कॉलेज? गणित ठेवायचं की सोडून द्यायचं? या सगळ्या चर्चेच्या टोकाला एक प्रवेश परीक्षा असते, आणि तिच्या पलीकडे काय आहे हे फारसं कुणी विचारत नाही. पलीकडे पदवीचं पहिलं वर्ष असतं. बारावीला उत्तम मार्क मिळवून आलेली मुलं तिथे फिजिक्सच्या पहिल्याच महिन्यात गोंधळतात, इंजिनिअरिंगला गेलेल्यांची एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, केटी लागते (नापास होऊन तो पुन्हा द्यावा लागतो) आणि घरच्यांना कोडं पडतं: एवढा अभ्यास करणारं पोर अचानक मागे कसं पडलं?

शाळेत नेमकं काय केलं म्हणजे कॉलेजचं विज्ञान पेलतं, या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा अमेरिकेत झाला आहे. हार्वर्ड-स्मिथसोनियन खगोलभौतिकी केंद्रातले फिलिप सॅडलर, व्हर्जिनिया विद्यापीठातले रॉबर्ट ताय आणि त्यांचे सहकारी यांनी वर्षानुवर्षं हेच एक काम केलं. त्यांचे निष्कर्ष आपल्या पालकांनी, शिक्षकांनी आणि मुख्य म्हणजे अकरावीत पाऊल टाकणाऱ्या मुलांनी माहीत करून घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

आधी तिकडची पद्धत समजून घेऊ, कारण या अभ्यासाची ताकद त्या पद्धतीतच आहे. अमेरिकेत हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र तिथे एकाच वेळी चालत नाहीत. बहुतेक शाळांत एका वर्षी एक विषय असतो. फिजिक्स तर पुष्कळ मुलांनी कधी घेतलेलंच नसतं. कॉलेजातला पहिला कोर्स मात्र सगळ्यांना अगदी सुरुवातीपासून शिकवतो. त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाने शाळेत वर्षभर फिजिक्स केलेलं असतं आणि दुसऱ्याने अजिबात नाही. दोघांचे प्राध्यापक तेच, परीक्षा तीच. शाळेतल्या शिक्षणाचा परिणाम तपासायला याहून चांगली सोय मिळणं कठीण. आपल्याकडे सायन्स घेतलेल्या प्रत्येकाला फिजिक्स-केमिस्ट्री असतंच, म्हणून ही तुलना इथे करताच येत नाही.

संशोधकांनी काय केलं? देशभरातली कॉलेजं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली आणि पहिल्या वर्षाच्या विज्ञानाच्या वर्गांत मुलांकडून एक लांबलचक प्रश्नावली भरून घेतली. शाळेत कुठले विषय घेतले, गणित किती वर्षं केलं, कुठल्या धड्यावर किती दिवस घालवले, प्रयोग किती केले आणि कसे केले, आईवडील किती शिकलेले. सत्र संपल्यावर त्याच मुलाला त्याच कोर्समध्ये मिळालेले गुण प्राध्यापकांकडून घेतले. आठ हजारांहून अधिक मुलांची अशी जुळवलेली माहिती हाती आली.

नुसती तुलना इथे फसवू शकते. ज्या शाळेत फिजिक्सचे चांगले शिक्षक आहेत ती शाळा बहुधा सधन वस्तीतली असते, तिथल्या मुलांचे आईवडील शिकलेले असतात. अशा मुलाला कॉलेजात चांगले गुण मिळाले तर श्रेय फिजिक्सच्या शिक्षकांना द्यायचं की घरच्या परिस्थितीला? म्हणून आकडेवारी मांडताना सारख्याला सारखं ताडून बघावं लागतं: घरची परिस्थिती सारखी, शाळेतले मार्क सारखे, गणिताची तयारी सारखी, आणि फरक असलाच तर फक्त शाळेत फिजिक्स होतं की नव्हतं एवढाच. हजारो मुलं हाताशी असली की संख्याशास्त्राच्या मदतीने हे करता येतं.

सॅडलर आणि ताय यांचा निष्कर्ष जुलै २००७ मध्ये ‘सायन्स’ या साप्ताहिकात आला. कॉलेजातल्या केमिस्ट्रीत शाळेत केलेली केमिस्ट्री उपयोगी पडते. फिजिक्समध्ये फिजिक्स. बायॉलॉजीत बायॉलॉजी. एका विषयाची तयारी दुसऱ्याच्या मदतीला येत नाही. शाळेत फिजिक्स जास्त केलं म्हणून कॉलेजच्या केमिस्ट्रीत गुण वाढलेले दिसत नाहीत. याला अपवाद एकच, गणित. ज्यांनी शाळेत जास्त गणित केलं होतं त्यांचे गुण तिन्ही विषयांत वर होते, बायॉलॉजीतसुद्धा.

या निष्कर्षाने एक मोठा वाद पेटला. १९८८ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते लिऑन लेडरमन अमेरिकेत ‘आधी फिजिक्स’ अशी चळवळ चालवत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं: जीवशास्त्र रसायनावर उभं आहे, रसायन अणूवर आणि अणू फिजिक्सवर, मग शाळेत जीवशास्त्र आधी आणि फिजिक्स शेवटी हा उलटा क्रम कशाला? ऐकायला पटतं. पण हे खरं असतं तर शाळेत फिजिक्स केलेल्यांना केमिस्ट्रीत फायदा दिसायला हवा होता, आणि तो आकड्यांत दिसला नाही. विषयांची तर्कशुद्ध उतरंड आणि मुलाच्या डोक्यात ज्ञान साठण्याची पद्धत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असा मी याचा अर्थ लावतो. क्रम बदलायला माझी हरकत नाही. पण क्रम बदलला की मुलं आपोआप हुशार होतील ही आशा या आकड्यांवर टिकत नाही.

आता गणित सगळीकडे का लागतं ते बघू. इथे ‘गणित’ म्हटलं की पालकांच्या डोळ्यांसमोर इंटिग्रेशन येतं. पहिल्या वर्षाला मुलं अडतात ती बहुतेक वेळा त्याच्या पुष्कळ अलीकडे. एक प्रश्न घ्या. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन एकत्र आणून ठिणगी टाकली, तर पाणी किती तयार होईल?

एक उत्तर हमखास येतं, २० ग्रॅम. वस्तुमान नाहीसं होत नाही हे मुलाला पाठ असतं, म्हणून त्याने ४ आणि १६ ची बेरीज केली. दुसरं उत्तर येतं ३६ ग्रॅम. या मुलाला समीकरण येतं: हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू मिळून पाण्याचे दोन रेणू. मोल म्हणजे रेणू मोजायचं ठरावीक माप; हायड्रोजनचा एक मोल २ ग्रॅमचा, पाण्याचा १८ ग्रॅमचा. ४ ग्रॅम हायड्रोजन म्हणजे २ मोल, म्हणून पाणीही २ मोल, अठरा दुणे छत्तीस. रीत अगदी पुस्तकातली. पण मुळात २० ग्रॅम माल असताना ३६ ग्रॅम पाणी आलं कुठून, हे विचारायला तो थांबलाच नाही.

आता हळू जाऊ. हायड्रोजन २ मोल आहे. ऑक्सिजनचा एक मोल ३२ ग्रॅमचा, म्हणून १६ ग्रॅम म्हणजे अर्धा मोल. अर्ध्या मोल ऑक्सिजनला हायड्रोजन लागतो एक मोल. तेवढाच वापरला जाणार, आणि पाणी एक मोल म्हणजे १८ ग्रॅम बनणार. उरलेला २ ग्रॅम हायड्रोजन तसाच राहणार, कारण त्याच्याशी संयोग पावायला ऑक्सिजन शिल्लकच नाही. अठरा आणि दोन, वीस. ताळा जुळला.

या उदाहरणात भागाकार आणि गुणोत्तर यांपलीकडे काहीही नाही. प्राथमिक शाळेतलं गणित. तरीही ते पेलत नाही, कारण गुणोत्तर हातात धरून दोन-तीन पायऱ्या चालायची, प्रत्येक पायरीला एकक सांभाळायचं आणि शेवटी उत्तर शक्य आहे का ते बघायचं, ही सवय लागलेली नसते. सॅडलर-ताय गटाने केमिस्ट्रीच्या मुलांना शाळेत कुठल्या धड्यावर किती भर होता ते विचारलं, तेव्हा उठून दिसला तो हाच भाग, स्टॉइकिओमेट्री, म्हणजे कशाला किती लागतं याचा रासायनिक हिशेब. हा विषय शाळेत वारंवार येत राहिला असं सांगणाऱ्या मुलांचे कॉलेजातले गुण सरासरीने वरचे होते. आपल्याकडे राज्य मंडळाच्या अकरावीच्या केमिस्ट्रीच्या पुस्तकात मोलची संकल्पना पहिल्याच धड्यात आहे. जून-जुलैत, प्रवेशाच्या फेऱ्या चालू असताना, निम्मा वर्ग अजून जागेवर बसलेला नसताना तो धडा उरकला जातो. पुढे वर्षभर, आणि नंतर कॉलेजातही, जागोजागी तोच लागतो.

गणिताबद्दलचा आणखी एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. २०१८ मध्ये सॅडलर आणि गेरहार्ड सोनर्ट यांनी १३३ कॉलेजांतल्या ६,२०७ मुलांची माहिती तपासली. प्रश्न असा: कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्ये चांगले गुण कुणाला मिळतात, शाळेतच कॅल्क्युलस करून आलेल्यांना, की कॅल्क्युलसच्या आधीचं बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती आणि फलनं पक्की असलेल्यांना? शाळेत कॅल्क्युलस केल्याचा फायदा झाला, यात शंका नाही. पण आधीचं गणित पक्कं असण्याचा परिणाम त्याच्या दुपटीहून मोठा निघाला. ज्या मुलाला अपूर्णांकांची बेरीज करताना अजून चाचपडावं लागतं त्याला डेरिव्हेटिव्हची सूत्रं पाठ करायला लावणं म्हणजे त्याचा वेळ घालवणं आहे. नववी-दहावीचं बीजगणित नीट करून घेण्यात लाज वाटायचं काही कारण नाही, मग मुलगा बारावीत असो की एफवायला, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाला.

आता ज्या निष्कर्षाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे त्याकडे येतो. आपल्या शिक्षणातला सर्वांत लाडका शब्द कुठला? पोर्शन. ‘पोर्शन झाला का?’ ‘दिवाळीच्या आत पोर्शन संपवतो आम्ही.’ ज्या क्लासचा पोर्शन लवकर संपतो तो क्लास चांगला. आता २००९ चा एक अभ्यास बघा. मार्क श्वार्ट्झ, सॅडलर, सोनर्ट आणि ताय यांनी ५५ कॉलेजांतल्या ८,३१० मुलांना विचारलं की शाळेत विज्ञानाचे सगळे मुख्य विषय झाले होते का, आणि एखादा विषय महिनाभर किंवा त्याहून जास्त वेळ देऊन खोलवर केला होता का. (विषय म्हणजे इथे अख्खं फिजिक्स किंवा केमिस्ट्री नव्हे, त्यातला एखादा धडा.) ज्यांनी किमान एक विषय असा खोलवर केला होता त्यांना कॉलेजात जास्त गुण मिळाले. सगळेच्या सगळे विषय झालेल्या मुलांना फिजिक्स-केमिस्ट्रीत त्याचा काही फायदा दिसला नाही, आणि बायॉलॉजीत तर त्यांचे गुण कमी होते. घरची परिस्थिती, भाषा, गणित, शाळेतल्या कोर्सची काठिण्यपातळी, हे सगळं हिशेबात धरूनही चित्र तेच राहिलं.

एका विषयाला महिना! आपल्या शिक्षकांना हे ऐकून घाम फुटेल, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण महिनाभरात काय घडतं ते समजून घ्यायला हवं. न्यूटनचा तिसरा नियम घ्या. ‘प्रत्येक क्रियाबलास समान परिमाणाचं, विरुद्ध दिशेचं प्रतिक्रियाबल असतं’, हे म्हणून दाखवायला एक मिनिट लागतं आणि परीक्षेत त्याचे मार्कही मिळतात. मग त्याच मुलाला विचारा: भरधाव ट्रकने उभ्या असलेल्या छोट्या कारला धडक दिली, ट्रकने कारवर जास्त बल लावलं, की कारने ट्रकवर? बहुतेक जण सांगतील, ट्रकने. कारचा चेंदामेंदा झालेला दिसतो ना. दोन्ही बलं सारखीच होती, कारचं वस्तुमान कमी म्हणून तिच्या वेगात एकदम मोठा बदल झाला, म्हणून तिची अवस्था वाईट झाली, हे पटायला वेळ लागतो. नियम पाठ असतो, पण मनातली जुनी समजूत जागची हललेली नसते. दोन समजुती एकाच डोक्यात शेजारी शेजारी नांदतात, एक परीक्षेसाठी आणि एक खरी.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या डेव्हिड हेस्टेनेस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये अशाच प्रश्नांची एक चाचणी प्रसिद्ध केली. आकडेमोड नाही, फक्त समज तपासायची. हार्वर्डमध्ये फिजिक्सचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना अशी चाचणी दिली तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी लिहू, की मला वाटतं तशी? हार्वर्डसारख्या ठिकाणी निवडून आलेली मुलगी हे विचारते. मझूर यांनी त्यानंतर आपली शिकवण्याची पद्धतच बदलली: वर्गात प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आधी स्वतः उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा.

एखादा विषय महिनाभर केला की ही खरी समजूत बाहेर येते, तिच्यावर वाद होतो, ती चुकीची ठरते आणि बदलते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, एखादी गोष्ट ‘समजली’ म्हणजे नेमकं कसं वाटतं याचा मुलाला एकदा तरी अनुभव येतो. हा शेवटचा भाग माझं मत आहे, अभ्यासातला निष्कर्ष नाही. पण ज्याने तो अनुभव एकदा घेतला, तो कॉलेजात एखादी गोष्ट समजली नाही तर ओळखतो आणि विचारायला जातो. ज्याने कधीच घेतला नाही, त्याला पाठ होणं आणि समजणं सारखंच वाटतं.

प्रयोगांच्या बाबतीतही असंच काही दिसलं. सगळ्यांची समजूत अशी की प्रयोग जितके जास्त तितकं बरं. सॅडलर, ताय आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने १२ कॉलेजांतल्या १,५३१ केमिस्ट्रीच्या मुलांचा अभ्यास केला. समजून घेण्यासाठी तोच प्रयोग शाळेत पुन्हा करून पाहिला होता अशा मुलांचे कॉलेजातले गुण जास्त होते. ज्यांच्या शाळेत प्रयोगाच्या कृतीवर, पायऱ्या बिनचूक पाळण्यावर अवाजवी भर होता त्यांचे गुण कमी.

आपल्याकडे बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी या प्रत्येक विषयात ७० मार्कांचा लेखी पेपर आणि ३० मार्कांचं प्रॅक्टिकल असतं. तीस मार्क ही छोटी गोष्ट नाही. पण या तिसांची तयारी कशी होते हे कॉलेजात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जर्नल आदल्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलं जातं. रीडिंग ‘आणली’ जातात. आधी उत्तर, मग त्यावरून निरीक्षणं. इंटिग्रेटेडच्या नावाखाली जिथे मुलं दिवसभर क्लासमध्येच असतात, तिथे प्रयोगशाळेचं दार मुलाला थेट फेब्रुवारीत, परीक्षेच्या तोंडावर दिसतं. मग एफवायला टायट्रेशन करताना ब्युरेट वाचता येत नाही, आणि तीन रीडिंग वेगवेगळी आली तर मूल घाबरतं, कारण रीडिंग वेगळी येणं हाच प्रयोगाचा स्वभाव आहे हे त्याने कधी पाहिलेलंच नाही.

यात मुलांना दोष देऊन चालणार नाही. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे अंदाजाला शिक्षा नाही. अशा परीक्षेची शहाणी तयारी म्हणजे शॉर्टकट, पर्याय गाळणं आणि वेग. ट्रकचा प्रश्न महिनाभर चघळत बसणारा मुलगा तिथे मागे पडेल, आणि त्याच्या आईवडिलांची काळजी रास्त आहे. प्रवेशही हवा आणि पुढचं वर्षही पेलायला हवं, अशी ही दुहेरी कसरत आहे. म्हणूनच अकरावीचं वर्ष एवढं मौल्यवान आहे. त्याला बोर्डाची परीक्षा नाही, सीईटीत त्याचा वाटा साधारण २० टक्के, आणि म्हणून ते सगळ्यात जास्त वाया जातं. पण वेक्टर, गतीचे नियम, मोल, लॉगॅरिदम, फलनं हे सगळं अकरावीत आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाचा पाया बारावीपेक्षा अकरावीवर जास्त आहे, असं माझं ठाम मत आहे. एकच विषय खोलवर करायचा असेल तर तो इथे करता येतो. सगळे करायची गरज नाही, एक पुरे.

ज्यांना मेडिकल किंवा बायॉलॉजीकडे जायचंय त्यांच्यासाठी वेगळं सांगायला हवं. आपल्याकडे अकरावीला गणित सोडायची मुभा आहे आणि पीसीबीवाले (फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी घेणारे) ते आनंदाने सोडतात. मेडिकलच्या ‘नीट’ या प्रवेश परीक्षेला गणिताचा पेपर नाही, मग कशाला डोकेदुखी? पण मेडिकलला सगळ्यांना प्रवेश मिळत नाही. खूप मोठी संख्या बीएस्सीला, बायोटेक्नॉलॉजीला, फार्मसीला, शेतकीला जाते. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू चार तासांत किती पट होईल? बारा वेळा दुप्पट, ४,०९६ पट. पीएच ५ वरून ३ वर आला तर आम्लता किती वाढली? दोनपट नव्हे, शंभरपट. हे प्रश्न बायॉलॉजीचेच आहेत. अकरावीचं गणित ठेवणं अगदीच अशक्य असेल तर निदान घातांक, लॉगॅरिदम, आलेख आणि संभाव्यता एवढं तरी स्वतः करून ठेवावं.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर आणखी एक ओझं पडतं. दहावीपर्यंत विज्ञान मराठीत, आणि अकरावीपासून अचानक सगळं इंग्रजीत. पहिले काही महिने ही मुलं विषयाशी झगडत नसतात, वाक्यांशी झगडत असतात, आणि शिक्षकाला मात्र वाटतं की विषयच कच्चा आहे. अशा मुलाने दहावीचं मराठी पुस्तक फेकून देऊ नये. नवा धडा आधी ओळखीच्या भाषेत समजून घेतला की इंग्रजी पुस्तकातलं तेच पान निम्म्या वेळात वाचून होतं.

हे सगळं वाचताना एक खबरदारी घ्यायला हवी. हे अभ्यास संबंध दाखवतात; अमुक केलं म्हणूनच गुण वाढले हे ते छातीठोकपणे सांगू शकत नाहीत. मुलांनी शाळेबद्दल दिलेली माहिती आठवणीतून दिलेली होती. जो शिक्षक एका विषयावर महिना घालवायचं धाडस करतो तो कदाचित मुळातच चांगला शिक्षक असेल आणि फायदा त्याच्यामुळे झाला असेल. तरीही वेगवेगळ्या कॉलेजांत, वेगवेगळ्या विषयांत निष्कर्ष एकाच दिशेला झुकतात, तेव्हा त्यांच्याकडे काणाडोळा करणं बरं नाही.

शाळेतली तयारी कच्ची राहिली म्हणजे पुढचं सगळं संपलं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या शाखेत डेव्हिड लॉड हे केमिस्ट्रीचे प्राध्यापक दरवर्षी बघत होते की गरीब घरांतली, प्रवेश परीक्षेत कमी गुण असलेली मुलं पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीत गळतात. १९९९ मध्ये त्यांनी अशी पन्नास मुलं निवडून वेगळ्या, छोट्या वर्गात घेतली. अभ्यासक्रम हलका केला नाही. लेक्चर तीच, परीक्षा तीच. वर जोड दिली ती दर आठवड्याच्या जादा तासांची, सल्ला देणाऱ्या शिक्षकांची आणि वरच्या वर्गातल्या मार्गदर्शक मुलांची. सत्राच्या शेवटी या मुलांचे गुण मोठ्या वर्गातल्या मुलांच्या बरोबरीला आले.

त्याआधी सत्तरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीमधल्या शाखेत उरी ट्रीझमन या तरुण गणितज्ञाला प्रश्न पडला होता की आपापल्या शाळेत पहिली आलेली कृष्णवर्णीय मुलं कॅल्क्युलसमध्ये नापास का होतात. प्राध्यापकांची उत्तरं तयार होती: तयारी कच्ची, घरी वातावरण नाही, मेहनत नाही. ट्रीझमन प्रत्यक्ष मुलांसोबत राहिले, वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाच्या मुलांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुलं मेहनती होती, सांगितलेले तास इमानेइतबारे खोलीत बसून अभ्यास करत होती. एकटी. चिनी मुलं आधी एकटी गणितं करत आणि मग एकत्र जमून एकमेकांची उत्तरं तपासत, अडलेलं विचारत, आणि एखादं गणित कुणालाच सुटलं नाही तर ते गणितच अवघड आहे हे त्यांना कळत असे. एकट्याने बसणाऱ्याला तीच गोष्ट ‘मला जमत नाही’ अशी वाटे. ट्रीझमन यांनी मग गट सुरू केले, त्यात सोपी उजळणी न देता मुद्दाम अवघड गणितं दिली, आणि त्या मुलांचे निकाल पालटले.

आपल्या कॉलेजांना यातलं काहीच महाग नाही. पहिल्या आठवड्यात हायड्रोजन-ऑक्सिजनसारखे दहा प्रश्न देऊन कुठे काय कच्चं आहे ते बघता येईल. शनिवारचा एक रिकामा वर्ग, चार-चार मुलांचे गट, एसवायची दोन मुलं मदतीला आणि फळ्यावर तीन अवघड गणितं, एवढ्यावर सुरुवात होते. आणि ज्याला कॉलेजची वाट बघायची नाही, त्याने बारावीचा निकाल आणि एफवायचं पहिलं लेक्चर यांच्यामध्ये मिळणाऱ्या सुट्टीत अकरावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक काढून पहिल्या धड्यातली सगळी उदाहरणं सोडवावीत. उत्तरं मागे बघायची नाहीत, आणि प्रत्येक उत्तराला आलेलं वजन शक्य आहे का ते आधी तपासायचं. एखादा मित्र सोबत असला तर फारच छान.